बोट आहे, पण सातबारा नाही!

भत्ता मिळवायचा तर घरची परिस्थिती कागदावर सिद्ध करावी लागते. किनाऱ्यावरच्या घरांनी हा कागद आणायचा कुठून?

१ जून ते ३१ जुलै. पश्चिम किनाऱ्यावर हे ६१ दिवस यांत्रिक मासेमारीला बंदी असते. मालवण बंदरात, दांडीच्या वाळूत, देवबागात, सर्जेकोटला होड्या वर ओढून, झाकून ठेवलेल्या दिसतात. खलाशी घरी बसलेले. बाजारात ताज्या मासळीची आवक कमी, त्यामुळे विकणाऱ्या बायकांचीही टोपली हलकी.

आता कॅलेंडरवर हेच दोन महिने पुन्हा बघा. कॅप राउंडच्या याद्या, कॉलेजमध्ये रिपोर्टिंग, वसतिगृहाचं डिपॉझिट, कॉट बेसिसवर जागा शोधणं, मेसचे आगाऊ पैसे. वर्षातला सगळ्यात मोठा खर्च नेमका त्या दिवसांत येतो, ज्या दिवसांत किनाऱ्यावरच्या घरात पैसाच येत नाही. ‘झिलाक पुण्याक धाडूचा आसा, पण तो रवतलो खंय आणि खातलो काय?’ हा प्रश्न तुमच्याही घरात कधीतरी ऐकला असेल.

याच प्रश्नासाठी सरकारच्या निर्वाह भत्त्याच्या योजना आहेत. एक-दोन नाहीत, बऱ्याच आहेत. तरी अनेक मुलं त्यांच्यापर्यंत पोचत नाहीत. आपल्याला वाटतं, उत्पन्नाच्या मर्यादेत बसलो की झालं. पण नियम वाचायला बसलात तर कळतं, की खरी गाळणी उत्पन्नाच्या आकड्यापेक्षा नियमातल्या शब्दांमध्ये आहे. आणि ते शब्द लिहिताना समोर शेत होतं, समुद्र नव्हता.

फी माफ झाली, जेवणाचं काय?

आधी एक गोंधळ दूर करू. फी सवलत वेगळी आणि निर्वाह भत्ता वेगळा.

८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानं व्यावसायिक अभ्यासक्रमांत कॅपमधून प्रवेश घेणाऱ्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना, कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल तर, शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्काची पूर्ण सवलत दिली. ‘मुलींना शिक्षण मोफत’ अशी हेडलाइन सगळ्यांनी वाचली. चांगलाच निर्णय आहे. पण त्यात राहणं-खाणं येत नाही. मालवणची मुलगी पुण्याला गेली, तर कॉलेज तिच्याकडून शिक्षण शुल्क घेणार नाही, पण खोलीमालक भाडं घेणारच आणि मेसवाल्या काकू डब्याचे पैसे मागणारच.

हे आपल्याकडे कोणाच्या लक्षात आलं नव्हतं असंही नाही. आपल्यातले बरेच जण शिकायला घाट चढून कोल्हापूरला जातात. त्याच कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू करून दिलं. पुढे वेगवेगळ्या समाजांची बोर्डिंगं एकामागून एक उभी राहिली. खेड्यातल्या मुलाला शाळा उघडून दिली तरी शहरात राहायला छप्पर आणि दोन वेळचं जेवण नसेल तर तो टिकणार नाही, हे त्यांनी सव्वाशे वर्षांपूर्वी ओळखलं होतं. आजचा निर्वाह भत्ता हे त्याच विचाराचं रोख रकमेतलं रूप आहे. वसतिगृहात जागा नाही ना, मग पैसे घे आणि बाहेर राहा.

कोणत्या दारातून जायचं?

तुमच्यासाठी कोणतं दार उघडं आहे ते आधी जातीच्या दाखल्यावर ठरतं. मासेमारी हा धंदा आहे. मालवणच्या किनाऱ्यावर तो वेगवेगळ्या जाती-धर्मांची माणसं करतात. त्यामुळे एकाच होडीवर काम करणाऱ्या दोन खलाशांच्या मुलांना दोन वेगळ्या खात्यांचे अर्ज भरावे लागू शकतात.

अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. ती २०१६-१७ पासूनची. उत्पन्न मर्यादा अडीच लाख. मुंबई, पुणे, नागपूरसारख्या मोठ्या शहरांत शिकत असाल तर वर्षाला ६० हजार, इतर काही महापालिका शहरांत ५१ हजार आणि बाकी जिल्ह्याच्या ठिकाणी ४३ हजार अशी तिची रचना आहे. ६० हजारांत ३२ हजार जेवणाचे, २० हजार राहण्याचे आणि ८ हजार निर्वाहाचे धरलेत.

आदिवासी विद्यार्थ्यांसाठी त्याच धर्तीवर पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना आहे.

ओबीसी, विमुक्त जाती-भटक्या जमाती आणि विशेष मागास प्रवर्गासाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना २०२३-२४ मध्ये आली. इथंही मर्यादा अडीच लाखांची. रकमेची शिडीही तीच, तालुक्याच्या ठिकाणासाठी ३८ हजारांची पायरीही त्यात आहे. पण या योजनेत एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. जिल्ह्यामागे ६०० विद्यार्थ्यांची मर्यादा आहे. म्हणजे तुम्ही पात्र असलात तरी मिळेलच असं नाही. पात्र ठरणं म्हणजे रांगेत उभं राहायला मिळणं.

आणि चौथी, डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना. व्यावसायिक अभ्यासक्रमाला कॅपमधून प्रवेश घेतलेल्या आणि घर सोडून राहणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी. इथं उत्पन्नाची मर्यादा ८ लाखांपर्यंत जाते. खुल्या प्रवर्गातल्या मुलांना आधार मिळतो तो मुख्यतः याच दारातून.

सिंधुदुर्गच्या मुलांसाठी यात दोन गोष्टी आहेत. पहिली, आपल्या जिल्ह्यात एकही महापालिका नाही. त्यामुळे देवगडहून ओरोसला किंवा सावंतवाडीहून मालवणला शिकायला येणाऱ्याच्या वाट्याला या शिडीच्या खालच्याच पायऱ्या येतात. दुसरी, गोवा. बांदा ओलांडलं की गोवा, पुण्या-मुंबईपेक्षा कितीतरी जवळ. पण ज्या योजनेची अट ‘महाराष्ट्राच्या कॅपमधून प्रवेश’ अशी आहे, ती पणजीतल्या कॉलेजला लागू होत नाही. जवळचं कॉलेज निवडून बसभाडं वाचवताना भत्ता हातचा जात नाही ना, हे प्रवेशाआधी बघा, नंतर नको.

एका शब्दाची किंमत

आता एक उदाहरण घेऊ. समजा, देवबागची एक मुलगी आहे. वडील दुसऱ्याच्या होडीवर वाट्यावर जाणारे खलाशी. आई मालवणच्या बाजारात मासे विकते. मुलीला कॅपमधून पुण्यात इंजिनीअरिंगला जागा मिळाली. तिच्याकडे कोणत्याही मागास प्रवर्गाचा दाखला नाही, म्हणून ती पंजाबराव देशमुख योजनेचा अर्ज उघडते.

योजनेच्या मूळ रचनेत दोन रांगा आहेत. पालक ‘अल्पभूधारक शेतकरी’ किंवा ‘नोंदणीकृत मजूर’ असतील, तर मुंबई-पुण्याच्या महानगर क्षेत्रात आणि औरंगाबाद, नागपूर शहरांत वर्षाला ३० हजार, बाकी ठिकाणी २० हजार. पालक या दोहोंत बसत नसतील, पण उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल, तर त्याच शहरांत १० हजार आणि बाकी ठिकाणी ८ हजार. आकडे शासन निर्णयागणिक बदलतात, म्हणून यंदाचा दर पोर्टलवर बघून घ्या. मला दाखवायची आहे ती दोन रांगांमधली दरी.

अल्पभूधारक म्हणजे दोन हेक्टरपर्यंत जमीन असलेला. त्याचा दाखला तहसील कार्यालयातून मिळतो आणि त्यासाठी सातबारा लागतो. देवबाग म्हणजे एका बाजूला कर्ली नदी, दुसऱ्या बाजूला समुद्र आणि मध्ये जमिनीची चिंचोळी पट्टी. तिथल्या खलाशाचं शेत कुठं असणार? त्याचं शेत पाण्यात आहे, आणि पाण्याचा सातबारा निघत नाही.

मग नोंदणीकृत मजूर? मजूर म्हणून नोंदणी व्हायला कुठल्यातरी मंडळाकडे किंवा खात्याकडे तशी सोय हवी. बांधकाम कामगाराला ती आहे. मागच्या १२ महिन्यांत ९० दिवस काम केल्याचं प्रमाणपत्र दिलं की कल्याणकारी मंडळात नाव लागतं. खलाशी त्याहून जास्त दिवस समुद्रावर असतो, पण तो ‘बांधकाम’ करत नाही.

म्हणून ती मुलगी दुसऱ्या रांगेत जाते. शेजारच्या गावात पाच-दहा गुंठे भातशेती असलेल्या घरातली तिची मैत्रीण, तेवढ्याच उत्पन्नाची, त्याच कॉलेजात शिकणारी, पहिल्या रांगेत उभी राहते. मूळ दरानं वर्षाचा फरक २० हजारांचा. इंजिनीअरिंगच्या चार वर्षांत ८० हजार. दोघींच्या घरची चूल सारखीच पेटते. फरक आहे तो वडिलांच्या धंद्याला सरकारी फॉर्मवर शब्द आहे की नाही, एवढाच.

इथं तुम्हाला एक गोष्ट करता येईल. घरी विचारा, आजोबांच्या नावावर काही आहे का? कोकणात सातबारा बऱ्याचदा सामाईक असतो. एका उताऱ्यावर दहा-वीस नावं आणि आपल्या वडिलांचं नाव मात्र नाही, कारण आजोबा गेल्यावर वारस नोंदच झालेली नसते. दोन-चार माडांची बाग असली तरी ती जमीनच आहे. आधी वारस नोंदीचा अर्ज करा आणि मग अल्पभूधारक दाखल्यासाठी तहसील कार्यालयात चौकशी करा. हे काम जुलैत पंधरा दिवसांत उरकत नाही. आत्तापासून लागावं लागेल.

‘उत्पन्न किती?’ याचं उत्तर

कुठल्याही दारातून गेलात तरी उत्पन्नाचा दाखला लागतोच. नोकरदाराच्या मुलाला हे सोपं आहे. वडिलांचा फॉर्म १६ जोडला की झालं. तुमच्या बाबांना पगारपत्रक नसेल, तर तलाठी चौकशी करून अहवाल देतो (या पदाचं नाव आता ग्राम महसूल अधिकारी झालंय) आणि त्यावर तहसीलमधून दाखला निघतो.

आणि इथंच घोळ होतो. होडी असलेल्या घराला विचारलं, ‘वर्षाला किती होतात?’ की माणूस भोळेपणानं लिलावात किती रुपयांची मासळी गेली ते सांगतो. समजा, वर्षभरात सहा लाखांची मासळी विकली गेली. त्यातून डिझेल गेलं, बर्फ गेला, खलाशांचे वाटे गेले, जाळी नवी घ्यावी लागली, इंजिनचं काम निघालं. हातात राहिले दोन लाख. मग उत्पन्न किती? दोन लाख. सहा लाख ही विक्री झाली. पण दाखल्यावर सहाचा आकडा पडला, तर अडीच लाखांची मर्यादा असलेली सगळी दारं त्या क्षणी बंद.

दुसऱ्याच्या होडीवर जाणाऱ्याचं वेगळंच. रापणीत किंवा होडीवर पैसे वाट्यानं मिळतात. आज दोन हजार, उद्या काहीच नाही, परवा फक्त घरच्या कालवणापुरती मासळी. ते कुठं लिहिलेलं नसतं. म्हणून आत्तापासून एक वही घाला. तारीख, वाटा किती मिळाला, एवढंच. होडी घरची असेल तर डिझेल-बर्फाच्या पावत्या आणि सोसायटीची विक्रीची बिलं एका फाइलमध्ये लावा. वही म्हणजे सरकारी पुरावा नव्हे, पण चौकशीला आलेल्या माणसासमोर अंदाजानं बोलण्यापेक्षा कागद बघून बोललेलं कधीही बरं. आणि खरं तेच सांगा. उत्पन्न खोटं कमी दाखवलेलं पुढे पडताळणीत उघडं पडलं, तर भत्ता परत द्यावा लागेल आणि वर कारवाई होईल ती वेगळीच.

अजून एक अडचण आहे. दाखला मागच्या आर्थिक वर्षाचा असतो. समुद्र मात्र आर्थिक वर्ष बघून खवळत नाही. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळानं मालवण-देवगडच्या किनाऱ्याला झोडपलं, होड्या आणि जाळ्यांचं मोठं नुकसान झालं. त्या वर्षी कॉलेजला प्रवेश घेणाऱ्याचा उत्पन्नाचा दाखला होता मार्च २०२१ पर्यंतचा, म्हणजे होडी धड असतानाचा. दाखल्यातलं घर आणि प्रत्यक्षातलं घर ही दोन वेगळी घरं होती.

जर्मनीत विद्यार्थ्यांच्या मदतीसाठी १९७१ पासून ‘बाफोग’ नावाचा कायदा आहे. तिथंही पालकांचं जुनंच उत्पन्न धरतात, तेही दोन वर्षांपूर्वीचं. पण मधल्या काळात उत्पन्न बरंच घसरलं असेल, तर ‘आत्ताचं उत्पन्न धरा’ असा वेगळा अर्ज करता येतो. वादळाच्या, मत्स्यदुष्काळाच्या वर्षी आपल्याकडेही अशी सोय असली, तर किनाऱ्यावरच्या किती मुलांचं वर्ष वाचेल!

हजार रुपये जास्त, ४३ हजार कमी

मर्यादेची आणखी एक गंमत बघा. खरं तर गंमत नाहीच. वर्षाचं उत्पन्न २ लाख ४९ हजार असलेल्या घरातला मुलगा स्वाधार किंवा आधारसाठी अर्ज करू शकतो. शेजारच्या घराचं उत्पन्न २ लाख ५१ हजार आहे. त्या मुलाला ४३ हजारांतला एक रुपयाही नाही. घरात दोन हजार जास्त आले म्हणून हातचे ४३ हजार गेले.

अडीच लाख म्हणजे महिन्याला २० हजार ८३३ रुपये. चार माणसांच्या घरातून एक मूल पुण्याला ठेवायचं, तर यात काय भागतं ते तुम्हीच मांडून बघा. वर मच्छीमारांच्या घरात हे वर्षाचे पैसे दहाच महिन्यांत कमवावे लागतात. दोन महिने तर बंदीचेच.

जर्मनीच्या त्याच कायद्यात पालकांचं उत्पन्न वाढत जातं तशी मदत हळूहळू कमी होत जाते. एका रुपयाच्या फरकानं सगळंच्या सगळं जात नाही. आपल्याकडे ८ लाखांचा एक उंबरठा, अडीच लाखांचा दुसरा, आणि मधल्या मुलांना कधी इकडे कधी तिकडे ढकललं जातं. उंबरठ्याऐवजी उतार करणं हे काही रॉकेट सायन्स नाही.

शेजाऱ्यांनी शब्द लिहिला

तुम्ही म्हणाल, सरकार प्रत्येक धंद्यासाठी वेगळा शब्द कुठून आणणार? तर शेजारी बघा. आपल्याच समुद्राच्या खालच्या अंगाला कर्नाटक आहे. तिथं २०२१ मध्ये शेतकऱ्यांच्या मुलांसाठी ‘रयत विद्यानिधी’ ही शिष्यवृत्ती सुरू झाली. नंतर त्याच योजनेत मच्छीमार आणि विणकरांसारख्या घरांतली मुलंही घेतली गेली. केरळमध्ये मत्स्य खातंच नोंदणीकृत मच्छीमारांच्या मुलांना शैक्षणिक सवलती देतं. मच्छीमार कल्याण निधी मंडळाकडची नोंद तिथं पुरावा म्हणून चालते.

आपल्याकडे तर अर्धं काम झालेलंच आहे. एप्रिल २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळानं मत्स्यव्यवसायाला कृषीचा दर्जा द्यायचा निर्णय घेतला. वीजदर, कर्ज, विमा अशा बाबतीत मच्छीमाराला शेतकऱ्यासारख्या सवलती मिळाव्यात हा त्यामागचा हेतू. सिंधुदुर्गात या निर्णयाचं मोठं स्वागत झालं. मग पुढचा प्रश्न आपण विचारायला हवा. विजेच्या बिलावर मच्छीमार शेतकऱ्यासारखा असेल, तर त्याच्या मुलीच्या भत्त्याच्या फॉर्मवर का नसावा? ‘अल्पभूधारक शेतकरी किंवा नोंदणीकृत मजूर’ या ओळीत ‘किंवा छोटा मच्छीमार’ असे तीन शब्द वाढवायचे आहेत.

पुरावा कुठला, असं कोणी म्हणेल. पण सरकारकडे तो आधीच आहे. होडीची नोंदणी आहे, मच्छीमार सहकारी सोसायट्यांचे सभासद आहेत, मच्छीमारांची बायोमेट्रिक कार्डं आहेत, डिझेल परताव्याच्या याद्या आहेत. किनाऱ्यावर कोण मासे मारतं हे मत्स्य विभागाला माहीत आहे. ते उच्च व तंत्रशिक्षण विभागाच्या फॉर्मपर्यंत पोचत नाही, एवढंच.

ही मागणी कोण करणार? बाबा होडीत आहेत, आई बाजारात आहे. फॉर्म भरताना ‘पालकांचा व्यवसाय’ या रकान्यापाशी अडणारे आपण आहोत. कॉलेजच्या विद्यार्थी परिषदेतून, सोसायटीच्या सभेतून, ग्रामसभेच्या ठरावातून हा एक मुद्दा पुढे नेता येतो. ग्रामसभेत १८ वर्षांवरच्या आणि गावच्या मतदार यादीत नाव असलेल्या प्रत्येकाला बोलता येतं. तुम्हालाही.

तोवर काय करायचं?

नियम बदलतील तेव्हा बदलतील. यंदाचा प्रवेश तर आत्ताच आहे. म्हणून एवढं करा.

एक, उत्पन्नाच्या दाखल्यासाठी एप्रिलमध्येच अर्ज करा. आधीचा दाखला ३१ मार्चला संपतो, त्यामुळे नवा लागणारच. जूनमध्ये सेतूत गर्दी उसळते.

दोन, दाखला वेळेत मिळणं हा तुमचा हक्क आहे. महाराष्ट्र लोकसेवा हक्क कायदा २०१५ प्रमाणे उत्पन्नाच्या दाखल्याला १५ दिवसांची मुदत आहे. अर्ज केल्याची पावती जपून ठेवा. मुदत उलटली तर वरच्या अधिकाऱ्याकडे अपील करता येतं. विनाकारण उशीर करणाऱ्याला ५०० ते ५ हजार रुपये दंडाची तरतूद आहे. भांडायची गरज नाही, पावतीवरची तारीख दाखवली तरी बऱ्याचदा काम हलतं.

तीन, स्वाधारसारखी योजना ही शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्यांसाठी आहे. म्हणून आधी वसतिगृहासाठी अर्ज करा. ‘तिथं काय मिळणार आपल्याला’ म्हणून अर्जच केला नाही, तर पुढे भत्ता मागायला आधारच राहत नाही.

चार, खोली भाड्यानं घेतली असेल तर करारनामा करून घ्या. खासगी वसतिगृहात असाल तर तिथलं पत्र घ्या. रोख भाडं, कागद नाही, पावती नाही, अशा राहण्याला सरकारच्या लेखी ‘घर सोडून राहणं’ म्हणत नाहीत. चार मित्र मिळून राहत असाल तर चौघांची नावं करारात येऊ द्या.

पाच, आधार क्रमांक बँक खात्याला जोडलाय का, आणि पैसे ज्या खात्यात यायला हवेत त्याच खात्याला जोडलाय का, ते बँकेत जाऊन विचारा. दोन खाती असली की पैसे भलत्याच, बंद पडलेल्या खात्याकडे निघतात.

सहा, एकाच कारणासाठी दोन योजनांचे पैसे मिळत नाहीत. भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती घेत असाल तर तिच्यातला निर्वाह भत्ता आणि ही रक्कम यांचा मेळ कसा घालतात ते कॉलेजच्या शिष्यवृत्ती विभागात आधीच विचारा. दोन्हीकडे डोळे झाकून अर्ज टाकू नका.

सात, महाडीबीटीवर अर्ज ‘सबमिट’ झाला म्हणजे काम संपलं असं नाही. तो कॉलेजच्या क्लार्ककडून पुढे जातो, मग खात्याकडे. दर आठवड्याला लॉगिन करून स्थिती बघा. कागद अस्पष्ट आहे म्हणून अर्ज परत आला असेल आणि तुम्ही उघडूनच बघितलं नसेल, तर तारीख निघून जाईल.

आठ, दुसऱ्या वर्षी नूतनीकरण असतं. ते आपोआप होत नाही. पहिल्या वर्षी मिळालं म्हणून निवांत बसलेल्यांचं दुसऱ्या वर्षी अडतं.

यातलं काहीच अवघड नाही. अवघड आहे ते हे सगळं अठराव्या वर्षी एकट्यानं, बसनं ओरोसच्या चकरा मारत, कोणी सांगायला नसताना करणं. म्हणून शेवटची विनंती. तुम्ही आधीच यातून गेला असाल, भत्ता मिळाला असेल किंवा ज्या कागदावाचून नाकारला गेला तो कागद तुम्हाला ठाऊक असेल, तर यंदा तुमच्या वाडीतल्या एका बारावीवाल्याला घेऊन बसा. त्याची फाइल लावून द्या. अर्धा तास लागतो. समोरच्याचं एक वर्ष वाचतं.